दात झिजतात ते घाणीने नव्हे, आम्लाने

जयंतीच्या आसपास आणि वर्षावासाच्या महिन्यांत आपल्या वस्त्यांत, विहारांत आरोग्य शिबिरे भरतात. रक्तदाब, साखर, डोळे या टेबलांसमोर लोक मोकळेपणाने बसतात. दातांच्या टेबलासमोर मात्र माणूस आधी तोंडावर हात धरतो. "रोज घासतो हो डॉक्टर, दोनदा घासतो," हे उत्तर प्रश्नाच्या आधी येते. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या कपाळावर 'अस्वच्छ' हा शिक्का मारला गेला, त्यांना पिवळा पडलेला, झिजलेला दात म्हणजे गुन्ह्याची कबुली वाटते. मग घरी जाऊन तो आणखी कडक ब्रश घेतो आणि आणखी जोर लावतो.

हा जोर काही आजारांत उलट नुकसान करतो. दात किडू नयेत म्हणून ते स्वच्छ ठेवले पाहिजेत, यात वाद नाही. पण दातांचा असाही एक आजार आहे, जो अत्यंत स्वच्छ तोंडात होतो आणि चुकीच्या वेळी जोरात घासल्याने वाढतो. आम्लामुळे दाताचा वरचा थर विरघळतो आणि मग तो भराभर झिजतो. डॉक्टर याला डेंटल इरोजन म्हणतात. आम्ही सोयीसाठी 'आम्लझीज' म्हणू. आपल्या तरुणांमध्ये, उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिकांमध्ये आणि एमआयडीसीत राबणाऱ्या कामगारांमध्ये तिची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळीच समजून घ्यायला हवीत.

कीड वेगळी, झीज वेगळी

'दात किडला' हा शब्दच आपल्याला फसवतो. दातात कसलाही किडा नसतो. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला दातातून 'कीड काढून' दाखवणारे आजही भेटतात. तो हातचलाखीचा प्रकार आहे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो जागच्या जागी उघडा पाडला पाहिजे. खरे कारण असे की दातावर साचलेल्या थरात जिवाणू असतात, ते आपण खाल्लेली साखर खातात आणि त्यातून आम्ल तयार करतात. ते आम्ल दात पोखरते. म्हणून कीड फटीत, खाचेत, जिथे थर साचतो तिथे लागते आणि तिथे खड्डा पडतो.

आम्लझिजेत जिवाणूंचे काम नसते. आम्ल थेट बाहेरून येते, म्हणजे पेयातून, आंबट पदार्थातून किंवा कारखान्याच्या हवेतून, नाहीतर आतून, पोटातून वर येते. जिवाणू नसल्यामुळे दात काळा पडत नाही, खड्डाही पडत नाही. उलट तो गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. सुरुवातीला माणसाला वाटते, दात छान झालेत. म्हणून ही झीज उशिरा लक्षात येते.

दाताचे वरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ हाच. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. चावण्याच्या उंचवट्यांवर ते जाड असते, तरी दोन-अडीच मिलिमीटरच, आणि हिरडीजवळ अगदी पातळ होत जाते. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतो तेव्हाच संपतात. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरते, पण गेलेले एनॅमल परत येत नाही. त्याखाली असतो डेंटिन नावाचा पिवळसर, मऊ थर. त्यातून बारीक नळ्या आतल्या नसेकडे जातात. कवच पातळ झाले की पिवळा रंग दिसू लागतो आणि नळ्या उघड्या पडल्या की थंड पाण्याची कळ मस्तकात जाते. तेव्हा दात पिवळा दिसतो तो घाणीमुळे नव्हे, वरचे पांढरे झाकण विरल्यामुळे. अशा दाताला घासून पांढरे करायला जाणे म्हणजे उरलेले झाकणही खरवडणे.

आम्ल किती, यापेक्षा किती वेळ

आम्लता पीएच या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७. आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त, आणि प्रत्येक पायरीला ते दहापट वाढते. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे सुटू लागतात. कोलाचा पीएच २.५ च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचाही त्याच्याच जवळपास. म्हणजे धोक्याच्या रेषेपेक्षा तीन पायऱ्या खाली, सुमारे हजारपट आम्ल. यात 'शुगर फ्री' लिहिलेली बाटली सुटत नाही. साखर नाही म्हणून कीड कमी होईल, पण आम्ल तेवढेच राहते.

मग लिंबू सरबत पिणारा प्रत्येक माणूस बोळका का होत नाही? कारण लाळ. लाळेचा एक पातळ पापुद्रा दातावर कायम बसलेला असतो. आम्ल आले की लाळ ते पातळ करते, तिच्यातला बायकार्बोनेट ते मारतो आणि तिच्यातले कॅल्शियम-फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागाला पुन्हा थोडे कठीण करते. एक ग्लास सरबत घटाघटा प्यायलात, तर काही मिनिटांत लाळ तोंड सावरून घेते. तेच सरबत बाटलीत भरून चार तास घोट घोट घेतले, तर प्रत्येक घोटाला सावरण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि दात चार तास आम्लात बसतात. पेय तेच आणि मापही तेच, पण नुकसान कितीतरी जास्त. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : घोट घोट पिणे दाताला सर्वात महाग पडते.

आंबट म्हणजे सगळे वाईट, असेही नाही. ताक-दही आंबट असते, तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असल्याने दातातून खनिज ओढले जात नाही. उन्हाळ्यात मिरवणुकीत, सभेत काय वाटावे असा प्रश्न मंडळांना पडतो. आमचे मत स्पष्ट आहे : पाणी आणि ताक. १४ एप्रिलच्या उन्हात पन्हे किंवा कोकम सरबताचा एखादा ग्लास घेतल्याने कुणाचे दात जात नाहीत, पण कंपनीचा फलक लावून फुकट वाटल्या जाणाऱ्या शीतपेयांच्या खोक्यांना जयंतीत जागा देण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

मैदानावरची बाटली, अभ्यासिकेतली बाटली

पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला जाणारी आपली मुले-मुली पाहा. सोळाशे मीटर धावून आल्यावर तोंड कोरडे ठणठणीत असते, लाळ जवळपास नसते. नेमक्या त्या वेळी संत्र्याच्या चवीचे पावडर-पाणी किंवा एनर्जी ड्रिंक तोंडात जाते. या पेयांना आंबटपणा येतो तो सायट्रिक आम्लाने आणि हे आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणजे दातावर दुहेरी मार. संरक्षण नसताना हल्ला, असा हा प्रकार आहे. सराव करणाऱ्याने आधी साधे पाणी प्यावे, तोंड ओले करावे. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते, सोबत केळे किंवा भिजवलेले हरभरे. रंगीत पाण्यावर खर्च होणारे पैसे दुधावर खर्च झाले तर दात आणि हाडे दोन्ही टिकतील.

अभ्यासिकेत दुसरे चित्र. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा रात्री जागण्यासाठी एनर्जी ड्रिंकचा डबा उघडतो आणि पुस्तकाशेजारी ठेवतो. एक डबा तीन तास पुरतो. मग तो तसाच झोपतो. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, त्यामुळे शेवटच्या घोटातले आम्ल रात्रभर दाताशी राहते. जागायचे असेल तर बिनसाखरेचा चहा कितीतरी बरा. आणि आंबट काही घेतलेच, तर झोपण्यापूर्वी निदान पाण्याने खळखळून चूळ भरावी. तोंडात चघळायच्या 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही याच यादीत येतात. ती गोळी म्हणजे आम्लच आहे. गिळायची असेल तर गिळा, पण दाताला लावून चोखत बसू नका.

मोबाइलवर दात पांढरे करण्याचे उपाय फिरतात : लिंबू आणि मीठ, लिंबू आणि खायचा सोडा, व्हिनेगर, कोळशाची पूड. पहिल्या दिवशी दात खरोखर उजळ दिसतात, कारण डाग असलेला वरचा थर आम्लाने मऊ करून मिठाने खरवडून काढलेला असतो. महिनाभर हेच केले की खालचा पिवळा डेंटिन डोकावतो आणि माणूस आणखी लिंबू चोळतो. लग्नाआधी मुलींवर असे प्रयोग घरोघरी होतात. ते थांबवायला हवेत.

उपोसथ, शिबिर आणि संध्याकाळचे लिंबूपाणी

आता आपल्या आचरणातला विषय. अष्टशील पाळताना दुपारनंतर जेवण नसते. विनयात भिक्खूंना विकाळी पाने, म्हणजे गाळलेले रस, घेण्याची मोकळीक आहे. महावग्गात अशी आठ पाने सांगितली आहेत, त्यांत आंबा, जांभूळ, केळी, मध, द्राक्ष यांची नावे येतात. श्रामणेर शिबिरात संध्याकाळी सरबत मिळते, विपश्यना केंद्रांवर जुन्या साधकांना लिंबूपाणी. दहा दिवस रोज एक ग्लास, यात काळजीचे काही नाही.

काळजी आहे ती जे वर्षभर, आठवड्यातून अनेक दिवस किंवा रोजच, दुपारनंतर न जेवण्याचा नियम पाळतात त्यांची. पोट रिकामे, बोलणे कमी, चावणे नाही, म्हणून लाळही कमी. अशा तोंडात संध्याकाळभर फळांचा रस किंवा लिंबूपाणी थोडे थोडे जात राहिले तर आम्लझिजेला हवी तशी परिस्थिती तयार होते. शीलात काहीही न बदलता हे टाळता येते. रस एकदाच घ्यावा, बसून प्यावा, संपवावा, वर साधे पाणी प्यावे. मधले घोट पाण्याचे असावेत. ज्येष्ठ उपासिकांपैकी अनेकींना रक्तदाबाची औषधे असतात, त्यांतल्या काहींनी तोंड कोरडे पडते. त्यांनी जास्त सांभाळावे. शिबिराच्या व्यवस्थापकांनी सरबताच्या पिंपाशेजारी पाण्याचे पिंप ठेवले, तरी अर्धे काम झाले.

दाताची निगा हा आपल्या परंपरेला परका विषय नाही. प्रव्रज्या घेताना श्रामणेराला शरीराचे जे पहिले पाच भाग चिंतनासाठी दिले जातात, त्यांत केस, लोम, नखे आणि त्वचा यांच्यासोबत दातही आहेत. चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना दातवण चघळण्याची अनुमती दिल्याचा प्रसंग आहे. न चघळल्याचे पाच तोटे तिथे सांगितले आहेत, तोंडाला वास येणे हा त्यातलाच एक. पुढची गंमत अशी की काही भिक्खू लांबलचक दातवण वापरत आणि त्याच काठीने श्रामणेरांना मारत, म्हणून लांबी आठ अंगुळांपेक्षा जास्त नसावी असा नियम झाला. मग एकाने फार आखूड वापरली, ती घशात अडकली, म्हणून चार अंगुळांपेक्षा कमी नसावी असाही नियम झाला. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही इथल्या विहारांतली दातवणाची रोजची रीत नोंदवून ठेवली आहे. ज्यांना वर्णव्यवस्थेने 'अशुद्ध' ठरवले, त्यांच्या धम्मात तोंडाच्या स्वच्छतेचे नियम अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिलेले होते. मात्र दातवण थर काढते, आम्ल थांबवत नाही. ती दोन वेगळी कामे आहेत.

घासणे : कशाने, कसे, केव्हा

आम्लाने मऊ पडलेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला तर मऊ थर निघून जातो. म्हणून आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर आधी चूळ भरावी आणि अर्धा-एक तास जाऊ द्यावा, असे डॉक्टर सांगतात. नुसते थांबल्याने सगळे भागत नाही, आम्लाची वेळ कमी करणे हाच मुख्य उपाय आहे. तरी सकाळी कोमट लिंबू-मध-पाणी घेऊन लगेच ब्रश करणाऱ्यांनी क्रम बदलावा : आधी ब्रश, मग पाणी. आणि रोज लिंबूच कशाला, हेही एकदा स्वतःला विचारावे.

ब्रश मऊ असावा. आडवी करवत चालवल्यासारखा ब्रश मारणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा पडतात. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने घासावे. पेस्ट फ्लोराइडची असावी, कारण फ्लोराइडमुळे पृष्ठभाग आम्लाला थोडा अधिक टिकतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर येणारे खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग हा फ्लोरोसिस, तो दात हिरडीच्या आत घडत असतानाच होतो. ती आम्लझीज नव्हे आणि त्याचे उत्तर ब्रशमध्ये नाही, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात आहे.

राखुंडी, विटेची पूड, कोळसा, खरखरीत लाल दंतमंजन हे सगळे दाताला पॉलिश पेपरसारखे घासतात. मिश्रीबद्दल तर वेगळेच बोलायला हवे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आपल्या कित्येक आया-आज्या दिवसातून चार-पाच वेळा लावतात. घासण्याने दात झिजतो, हिरडी खाली सरकते, मुळे उघडी पडतात, आणि तंबाखूमुळे कर्करोगाचा धोका आहेच. ती दंतमंजन म्हणून सुरू होते आणि व्यसन म्हणून राहते. आजीला "घाण सवय आहे" असे म्हणून ती सुटणार नाही. तंबाखू सोडवायला जशी मदत लागते तशीच इथेही लागेल, हे घरातल्या तरुणांनी समजून घ्यावे.

विदर्भातल्या मुलांना खर्रा वेगळा वाटतो. खर्र्यात आम्ल नाही, चुना तर आम्लाच्या उलट गुणाचा. पण सुपारी दगडासारखी असते. दिवसभर ती दळत राहिल्याने दाढांचे उंचवटे सपाट होतात. वर तोंड उघडेनासे होण्याचा आजार आणि कर्करोग. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती पानठेल्यावर किती दिसते, हे वाचकांना सांगायला नको.

आतून येणारे आम्ल

पोटातल्या आम्लाचा पीएच १ ते २ असतो, कोल्यापेक्षाही तीव्र. ज्यांना वारंवार आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते, रात्री आडवे झाल्यावर घशाशी पाणी येते, त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजते. आरशात ती दिसतच नाही. वेळी-अवेळी जेवण, रात्रपाळी, तंबाखू, जेवून लगेच झोपणे ही आपल्या ओळखीची कारणे आहेत. गर्भारपणात सतत उलट्या होणाऱ्या बहिणींचेही असेच होते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी. वजनाच्या भीतीने मुद्दाम उलट्या काढणाऱ्या तरुण मुली असतात. त्यांचा आजार कधी कधी सर्वात आधी दंतवैद्याला कळतो. तिथे ओरडण्याने काम बिघडते, मानसोपचाराची गरज असते.

ओळखायचे कसे? पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक आणि चिरा गेलेल्या दिसतात. दाढेच्या उंचवट्यावर वाटीसारखा खळगा पडतो. जुने सिमेंट भोवतीच्या दातापेक्षा वर आल्यासारखे वाटते, कारण दात खाली गेलेला असतो. थंड-गरम लागते. यातले काही दिसले तर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट आणून वेळ काढू नये. ती पेस्ट कळ कमी करते, पण आम्ल चालूच राहिले तर झीज थांबत नाही. 'एनॅमल परत आणतो' ही जाहिरात अर्धीच खरी असते. मऊ पडलेला थर पुन्हा कठीण होऊ शकतो, गेलेला थर येत नाही. डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतात, झिजलेल्या जागी दाताच्या रंगाचे सिमेंट बसवतात, फार झिजल्यास कॅप. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, तिथे खासगीच्या मानाने खर्च फार कमी येतो. आम्लझीज लवकर सापडली तर उपाय स्वस्त असतो. उशीर झाला की तो गरिबाच्या आवाक्याबाहेर जातो आणि मग दात काढणे एवढेच उरते.

ज्यांचे दात कारखाना खातो

आतापर्यंतचे बरेचसे आपल्या हातातले होते. हे नाही.

लेड-ॲसिड बॅटरीच्या कारखान्यात प्लेटा चार्ज करताना सल्फ्युरिक आम्लातून वायूचे बुडबुडे निघतात. ते फुटले की आम्लाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्या, लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याआधी गंज काढायच्या आम्लाच्या टाक्या, इथेही तेच. कामगार बोलतो, धापा टाकत तोंडाने श्वास घेतो, आणि ओठांनी न झाकलेल्या पुढच्या दातांवर हे धुके बसत राहते. काही वर्षांत पुढचे दात आखूड होतात. बॅटरी कामगारांच्या दातांची ही झीज वैद्यकशास्त्राला नवी नाही. जर्मनीत आम्लामुळे होणारे दातांचे आजार व्यावसायिक आजारांच्या अधिकृत यादीत आहेत. दात हा फक्त इशारा आहे. जी हवा दातावर बसते तीच घशात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच सल्फ्युरिक आम्ल असलेल्या तीव्र आम्लांच्या धुक्याला माणसात कर्करोग घडवणारे कारण ठरवले, त्यात स्वरयंत्राच्या कर्करोगाचा उल्लेख आहे.

या टाक्यांवर कंत्राटी कामावर कोण असते, हे आपल्या वस्त्यांतून पहाटे निघणाऱ्या कंपनीच्या गाड्या पाहिल्या तरी कळते. आणि त्यांनाच सांगितले जाते की तंबाखू खातोस म्हणून दात गेले. तंबाखू खात असेलही. पण तंबाखूने पुढचे दात असे गुळगुळीत आखूड होत नाहीत, आणि शेजारी उभा असलेला तंबाखू न खाणारा कामगारही तसाच दिसत असेल तर कारण टाकीत आहे.

उपाय महागडे नाहीत. टाकीवर हवा ओढून घेणारे हूड, टाकीला झाकण, आम्लावर तरंगणारे प्लास्टिकचे चेंडू किंवा फेस, ज्याने थेंब उडणे कमी होते, आणि आम्लाच्या वाफेसाठीचा मास्क. रुमाल किंवा कापडी मास्क आम्ल अडवत नाही, उलट भिजून ते तोंडाशी धरून ठेवतो. कामाच्या जागेवरची धूळ आणि वाफ बाहेर काढणे ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायची.

एकट्याने तक्रार केली की दुसऱ्या दिवशी गेटवर पास बंद होतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आधी कागद तयार करा. एकाच खात्यातले सात-आठ जण मिळून दंत महाविद्यालयात किंवा शिबिरात तपासणी करून घ्या. 'तुमचे काम काय' या प्रश्नाला 'प्रायव्हेट नोकरी' असे उत्तर देऊ नका. कोणते खाते, कोणते आम्ल, किती वर्षे, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या दातांचे फोटो तारखेसह ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा. पगाराची पावती आणि हजेरी कार्डाची प्रत जपा, कंत्राटदार बदलला की जुनी नोंद गायब होते. सध्या महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. या योजनेचा मूळ आराखडा प्रा. अडारकर यांनी १९४४ मध्ये दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पगारातून वर्गणी कापली जाते, पण कार्ड हातात दिलेले नसते, असे कंत्राटी कामगारांच्या बाबतीत सर्रास घडते. विमा क्रमांक पगाराच्या पावतीवर शोधा, नसेल तर कंत्राटदाराकडे लेखी मागा.

आरोग्य शिबिर भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. दातांच्या टेबलावरच्या नोंदवहीत नाव आणि वयाच्या पुढे एक रकाना वाढवा : काम कुठे आणि कशावर. एका वस्तीतल्या एका कंपनीचे दहा जण त्या रकान्यात एकाखाली एक आले, की ती वही कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला दाखवा.